केटलबेल : पाच मिनिटांची परीक्षा, वर्षाची तयारी

वाचकहो, या सदरात आजवर आपण खोकल्यापासून मधुमेहापर्यंत पुष्कळ विषय पाहिले. व्यायामावरही लिहिले, पण ते बहुतेक चालणे, पोहणे आणि सूर्यनमस्कार यांच्यापाशीच थांबले. मध्यंतरीच्या काळात तालुक्याच्या गावांतूनसुद्धा नव्या पद्धतीच्या व्यायामशाळा निघाल्या आणि त्यांत 'केटलबेल' नावाचे एक लोखंडी वजन दिसू लागले. तोफेच्या गोळ्याला वरून जाड कडी बसवावी, तसे ते दिसते. हे वजन उचलून कंबर धरलेले लोक माझ्या दवाखान्यात येतात, आणि ते शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळवायचे म्हणून तब्येत दाखवायला येणारे तरुणही येतात. आजचा लेख मुख्यतः या तरुणांसाठी आहे. पण त्यांच्या हाताखाली व्यायाम करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनीही तो जरूर वाचावा, कारण शेवटी ओझे त्यांच्याच खांद्यावर येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक तरुण आला. वय २९, वजन ७१ किलो, व्यायामशाळेत शिकवण्याचे काम. वडील मार्केट यार्डात हमाल. मोठ्या शहरात चार महिन्यांनी शिबिर होते. फी त्याच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी. त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचे घरात ठरले होते. प्रमाणपत्र मिळाले तर मालक सकाळचे दोन वर्ग त्याच्या नावावर करणार होते.

"डॉक्टर, फक्त फिट असल्याचा दाखला पाहिजे," तो म्हणाला.

"दाखला देईन. आधी ती कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून दाखव," मी म्हटले.

त्याने बादली उचलली. पाठीची कमान झाली, गुडघे जवळजवळ ताठच राहिले. विचारल्यावर कळले, की वर्षात दोनदा उसण भरली होती. रक्तदाब १३८/८८, म्हणजे या वयाला थोडा जास्तच. मी त्याला सांगितले, "बाळ, तुझ्यात ताकद भरपूर आहे, पण हे शिबिर सोड. पुढच्या वर्षीचे धर." त्याला ते अर्थातच रुचले नाही. तेव्हा त्याला जे समजावून सांगितले, तेच थोडे विस्ताराने इथे मांडतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. केटलबेल मूळची रशियातली. तिथे तिला गिर्या म्हणतात. बाजारात धान्य तोलायची ती मापे. पूर्वी रशियात 'पूद' नावाचे वजन चाले. ते साधारण १६.४ किलोचे, आणि गंमत अशी की एका पूदात ४० रशियन पौंड असत, जसे आपल्याकडे एका मणात ४० शेर. म्हणून आजही या वजनांचे मुख्य आकडे १६, २४ आणि ३२ किलो असेच आहेत. म्हणजे एक, दीड आणि दोन पूद. बाजारातले हमाल आणि शेतकरी फावल्या वेळात ही मापे उचलून पैजा लावत. आपल्या तालमीतला नाल, म्हणजे मूठ कोरलेला दगड, ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवल वाटणार नाही.

या खेळाला शिस्त लावण्यात एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, हे सांगताना मला थोडा आनंद होतो. सेंट पीटर्सबर्गचे डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये ताकदीच्या व्यायामाची आवड असलेल्यांचे एक मंडळ काढले. पुढे जगप्रसिद्ध झालेला मल्ल जॉर्ज हॅकेनश्मिट १८९८ मध्ये त्यांच्याकडे राहून तयार झाला. बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, लिपेत्स्क शहरात सोव्हिएत संघाची पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली. तो खेळ दहा मिनिटे वजन खाली न ठेवता उचलत राहण्याचा. आपल्याकडे मात्र जी शिबिरे भरतात ती बहुतेक अमेरिकेतून आलेल्या पद्धतीची असतात. मिन्स्क येथे जन्मलेल्या पावेल त्सात्सुलिन यांनी २००१ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षकांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०१२ मध्ये 'स्ट्राँगफर्स्ट' ही स्वतःची संस्था काढली.

शिबिर सामान्यतः तीन दिवसांचे. स्विंग, क्लीन, प्रेस, स्क्वॉट, स्नॅच आणि टर्किश गेट-अप हे प्रकार नीट करून दाखवावे लागतात. नीट म्हणजे परीक्षकाच्या मनासारखे. शिवाय एक दमाची परीक्षा असते: पाच मिनिटांत शंभर स्नॅच. स्नॅच म्हणजे वजन दोन पायांच्या मधून मागे झुलवून एका झटक्यात डोक्यावर नेणे आणि हात सरळ करून क्षणभर थांबणे. साधारण बांध्याच्या पुरुषाला २४ किलो, स्त्रियांना १६ किंवा त्याहून कमी. वजन आणि वय पाहून आकडे बदलतात. हात हवा तितक्या वेळा बदलता येतो, वजन खाली ठेवून विश्रांतीही घेता येते, पण घड्याळ थांबत नाही.

हिशेब करून पाहा. मिनिटाला वीस. एका हाताने दहा स्नॅचना वीस-पंचवीस सेकंद लागतात. म्हणजे दोन्ही हातांचे मिळून वीस झाले, की दम घ्यायला उरतात जेमतेम दहा-पंधरा सेकंद. असे पाच वेळा. चोवीस किलो शंभर वेळा म्हणजे एकूण २४०० किलो डोक्यावर गेले. हमालाच्या भाषेत सांगायचे तर पन्नास किलोची अठ्ठेचाळीस पोती. हे ऐकून त्या तरुणाच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे गांभीर्य आले.

आता मुख्य मुद्दा. या तयारीत सगळ्यात आधी शिकायचे ते वाकणे. आपल्या मराठीत आपण सरसकट 'कमरेत वाकलो' म्हणतो, आणि माझ्या मते अर्धा घोटाळा इथेच आहे. कंबर हा सांधा नव्हे. वाकण्यासाठी निसर्गाने दिलेला मोठा सांधा म्हणजे खुबा, मांडीचे हाड जिथे कटीच्या हाडात बसते तो. कमरेचे पाच मणके एकमेकांवर थोडेफार वाकतात. पण वजन हातात असताना तिथूनच वाकत राहिले, तर मणक्यांमधल्या गादीवर मागच्या बाजूला ताण येतो आणि एखाद्या दिवशी शिंकेचेही निमित्त पुरते.

खुब्यातून वाकायला शिकण्याची युक्ती सोपी आहे. भिंतीकडे पाठ करून एक वीत अंतरावर उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. आता छाती पुढे नेण्याऐवजी बैठक मागे नेऊन भिंतीला टेकवा. पाठ लाकडी फळीसारखी सरळ राहिली पाहिजे. खात्री करायची असेल तर केरसुणीचा दांडा पाठीवर उभा धरा: डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहायला हवा. जमले की चार बोटे पुढे सरका आणि पुन्हा करा. मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या गेल्या तर समजा, बरोबर चालले आहे. कमरेत ताण आला तर चुकते आहे. त्या तरुणाला मी दोन आठवडे फक्त हेच करायला लावले. वजनाला हात नाही. त्याचे वडील मात्र सत्तर किलोचे पोते कसे उचलतात, हे मी त्याला बारकाईने पाहायला सांगितले. तीस वर्षे हमाली करून ज्यांची कंबर शाबूत असते, ते सगळे खुब्यातूनच वाकतात. कोणी शिकवले म्हणून नव्हे; ज्यांना ते जमले नाही ते केव्हाच दुसऱ्या कामाला लागले.

स्विंग हा सगळ्याचा पाया, आणि तो याच वाकण्यावर उभा आहे. वजन हाताने उचलायचे नसते. खुबा झटक्याने सरळ झाला की वजन आपोआप झुलत छातीपर्यंत येते. हात म्हणजे नुसता दोर. कॅनडातील पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी २०१२ मध्ये स्विंग करताना कमरेच्या मणक्यांवर काय बळे येतात ते मोजून प्रसिद्ध केले. एरवी वजन उचलताना वरचा मणका खालच्यावर पुढे सरकू पाहतो. स्विंगमध्ये मात्र काही क्षण उलट, मागे सरकवणारे बळ येते. त्यामुळे काहींच्या कमरेला या व्यायामाने आराम पडतो आणि काहींना तो मुळीच सोसत नाही. हा फरक बाहेरून दिसत नाही. म्हणून 'अमक्याची कंबर याने बरी झाली' हे ऐकून कोणी वजन हातात घेऊ नये.

आराम पडतो हेही खोटे नाही. डेन्मार्कमध्ये मान, खांदे आणि कंबर दुखण्याचे प्रमाण जास्त असलेल्या कामांतल्या चाळीस लोकांवर एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा केटलबेलचा व्यायाम दिला. त्यांचे मान-खांद्यांचे आणि कमरेचे दुखणे कमी झाले, पाठीचे स्नायूही बळकट झाले. पण हृदय-फुप्फुसांची क्षमता मात्र त्यांच्यात वाढलेली आढळली नाही. जाहिराती याच्या नेमक्या उलट बाजूवर भर देतात. असो.

आता शिबिर वर्षभर पुढे ढकलण्याचे कारण. आपल्या शरीरातले सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम सगळ्यात लवकर वाढतो. दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. स्नायूंची ताकद पहिल्या महिन्यात वाढलेली वाटते, पण ती बरीचशी मेंदू आणि मज्जातंतूंनी स्नायूंकडून काम करून घ्यायला शिकल्यामुळे. स्नायू खरोखर भरायला दोन-तीन महिने लागतात. आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या ज्या पांढऱ्या दोऱ्या असतात, त्यांना आम्ही टेंडन म्हणतो, त्यांना रक्तपुरवठा फार कमी. त्या बळकट व्हायला कित्येक महिने जातात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात गडी म्हणतो, 'आता मला काहीच वाटत नाही', दमही आहे, ताकदही आहे; आणि नेमक्या त्याच वेळी खांद्याची किंवा कोपराची टेंडन मागे राहिलेली असते. माझ्याकडे येणारी कोपरदुखी आणि खांदेदुखी पाहिली तर बहुतेकांची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली असते. पहिल्या आठवड्यात दुखते ते स्नायूंचे भरून येणे. ते चार दिवसांत जाते. तिसऱ्या महिन्यात सुरू झालेले आणि सकाळी उठल्यावर जास्त जाणवणारे दुखणे अंगावर काढू नये.

म्हणून मी त्याला क्रम असा ठरवून दिला. पहिले तीन महिने स्विंग आणि गेट-अप एवढेच, १६ किलोने. स्विंग दहा-दहाचे करायचे, आणि पुढचे दहा केव्हा? तर दोन वाक्ये न अडखळता बोलता आली की. हे घड्याळापेक्षा चांगले माप आहे. गेट-अप म्हणजे एका हाताने वजन आकाशाकडे धरून जमिनीवरून उठून उभे राहणे आणि तसेच पुन्हा आडवे होणे. हा प्रकार सावकाशीचा. घाई करणाऱ्याच्या कामाचा नाही. सुरुवातीला वजनाऐवजी मुठीवर चप्पल ठेवून करा, ती पडता कामा नये. यातून खांद्याचा सांधा स्थिर राहायला शिकतो आणि पुढे स्नॅचच्या वेळी तेच कामी येते.

चौथ्या महिन्यापासून क्लीन, प्रेस आणि हलक्या वजनाचा स्नॅच. त्याआधी खांद्याची एक तपासणी घरीच करता येते. भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून उभे राहा, दोन्ही हात सरळ वर नेऊन भिंतीला लावा. कंबर भिंतीपासून न सुटता हात टेकले तर ठीक. कंबरेची कमान होऊनच हात टेकत असतील, तर डोक्यावर वजन नेताना प्रत्येक वेळी तो बाक कमरेतच पडणार, आणि शंभर वेळा पडणार. अशांनी आधी पाठीचा वरचा भाग मोकळा करावा. दिवसभर मोबाइलवर वाकलेल्या तरुणांत असे बरेच निघतात.

सातव्या महिन्यापासून २४ किलो. सुरुवातीला पंधरा सेकंद काम, पंधरा सेकंद विश्रांती. पूर्ण पाच मिनिटांची परीक्षा दर आठवड्याला देऊन पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. परीक्षा ही मोजायची गोष्ट आहे, रोज करायचा व्यायाम नव्हे. महिन्यातून एकदा पुरे, आणि शेवटची शिबिराच्या दोन आठवडे आधी. शेवटचे पाच-सहा दिवस हलकेच काम. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले, झोप नीट लागेनाशी झाली, तर त्या दिवशी विश्रांती. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी निदान बारा ठोक्यांनी तरी उतरली पाहिजे. उतरत नसेल तर मला, किंवा तुमच्या डॉक्टरांना, भेटा.

तो तरुण अकराव्या महिन्यात शिबिराला गेला. शंभर स्नॅच चार मिनिटे बावन्न सेकंदांत झाले. रक्तदाब आता १२४/७८ असतो. त्याचे श्रेय केटलबेलला किती आणि त्याने सोडलेल्या वडापाव-चिवड्याला किती, हे मला सांगता येणार नाही.

हातांविषयी थोडे. या परीक्षेत बरेच जण दमाने नव्हे, तर तळहाताची कातडी सोलल्यामुळे मागे पडतात. बोटांच्या मुळाशी घट्टे येतात. ते उंच वाढले की कडीत अडकून फाटतात. अंघोळीनंतर ओल्या घट्ट्यांवर वजरी हलकेच फिरवून ते सपाट ठेवावेत, ब्लेडने कापू नयेत. मधुमेही माणसाने तर घट्ट्याला ब्लेड लावूच नये. रात्री थोडे खोबरेल. कडी तळहातात घट्ट आवळायची नसते, बोटांच्या आकड्यात धरायची असते. सोललेली जागा भरायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून शिबिराच्या तोंडावर हात जपावेत.

श्वास आणि रक्तदाब हा विषय मात्र सगळ्यांनीच नीट समजून घ्यावा. वजन उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो आणि पोट आवळतो. त्याने कण्याला आधार मिळतो हे खरे. पण त्या क्षणी रक्तदाब किती चढतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ मध्ये पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून व्यायामाच्या वेळचा दाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे निरोगी तरुण होते, आणि दाब लगेच खाली आला. परंतु ज्याचा दाब बसल्या जागीच १७०/१०५ आहे आणि ज्याला ते ठाऊकही नाही, अशा पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे काय? म्हणून वजन वर जाताना श्वास दातांच्या फटीतून 'त्स्स' करून सोडावा, कोंडून धरू नये. दाब १६०/१०० च्या वर असेल तर तो गोळ्यांनी ताब्यात येईपर्यंत जड वजनाला हात लावू नये. चालावे.

दुसरा धोका कमी आढळतो, पण तो ओळखता आलाच पाहिजे. एकदम फार व्यायाम झाला, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये, तर स्नायू तुटून त्यातला रंगद्रव्याचा भाग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सुजून दगडासारखे होतात, हात वाकत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. लघवीचा असा रंग दिसला की त्याच दिवशी दवाखान्यात जावे, उद्यावर टाकू नये. आणि मध्ये दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी अंगदुखीची गोळी आणून घेऊ नये. त्या गोळ्या अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. वेळ गेली तर डायलिसिसची पाळी येते. नवख्याला पहिल्याच दिवशी 'किती दम आहे बघू' म्हणून दोनशे स्विंग घालायला लावणारा प्रशिक्षक मला शूर वाटत नाही.

इंजेक्शनाविषयी उघड लिहिणे भाग आहे. मेफेन्टरमाइन नावाचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असते. आपल्या भागातल्या काही व्यायामशाळांत आणि तालमींत ते 'दम वाढतो' म्हणून चोरून विकले जाते. परीक्षेच्या पाच मिनिटांसाठी कोणाला मोह होऊ शकतो. हे औषध हृदयाचे ठोके आणि दाब दोन्ही वाढवते, हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्याची सवय लागते. वर सांगितलेले ३२० चे आकडे आठवा आणि त्यात याची भर घाला. याउलट खुराक साधा आहे: शरीराच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने. सत्तर किलोच्या माणसाला हे शंभर-एकशेपाच ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, लिटरभर दुधात तीस-बत्तीस. बाकीचे हरभरा, मटकी, शेंगदाणे, आणि खात असाल तर मासळी-मटण. दोन-तीन हजारांच्या डब्यांवाचून अडत नाही.

प्रमाणपत्र हातात आले की खरे काम सुरू होते. शिबिरात तुमचे स्वतःचे शरीर तपासले गेले. वर्गात मात्र दुसऱ्यांची शरीरे येतात, आणि ती २९ वर्षांची नसतात. शाळेतले गुरुजी येतील, किराणा दुकानदार येतील, दोन बाळंतपणे झालेल्या ताई येतील. नाव लिहून घेतानाच विचारायचे: दाब, साखर, हृदयविकार, हर्निया, चालू गोळ्या. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर त्या माणसाची नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा नाडीवर विसंबू नये. बोलता येते का ते पाहावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी येऊ नये, आणि वर्गात गूळ किंवा साखर ठेवावी. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर जोर लावण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. डोळ्यात रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर आधी शस्त्रक्रियेचे डॉक्टर. बायका आपणहून सांगत नाहीत, पण खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब जाणे किंवा अंग बाहेर येत असल्यासारखे वाटणे ही तक्रार फार मोठ्या प्रमाणावर असते. स्विंगने ती वाढू शकते. पुरुष प्रशिक्षकाने हा प्रश्न छापील कागदावर विचारावा, म्हणजे दोघांनाही संकोच होत नाही. बाळंतपणानंतर, त्यातही सिझेरियननंतर, निदान तीन महिने आणि तपासणी झाल्याशिवाय वजन देऊ नये.

मी स्वतः आठ किलोची एक केटलबेल घेतली आहे. सकाळी माडीवर दहा-दहाचे पाच स्विंग करतो. सौभाग्यवती म्हणते, "फरशी फुटली तर खर्च तुमचा." तेव्हा खाली जुने गोणपाट घडी करून घालतो. पन्नाशीच्या वाचकांना ज्यांना दाब-साखर नाही किंवा ताब्यात आहे, त्यांना मी एवढेच सुचवीन: आठ किंवा बारा किलो, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शेजारी शिकलेला माणूस. शंभर स्नॅच आपल्यासाठी नाहीत.

एक शेवटची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने यावी. वर्गात कोणाला छातीत दाब आल्यासारखे वाटले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर त्याला बसवावे, चालवू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोणी कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर तोंडावर पाणी मारण्यात किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला सपाट जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध हाडावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपरे ताठ ठेवून दाबायला सुरुवात करावी. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, तेव्हा माणूस बदलावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. आपल्या गावात हे शिकायचे असेल त्यांनी दहा-बारा जण जमवून माझ्याकडे निरोप द्यावा. रविवारी सकाळी दवाखाना मोकळा असतो, उशी घेऊन शिकवता येईल.